ध्रुवावरच्या बर्फात पाण्याखेरीज काय असतं?

उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं तर ते पाणी जेवढं खारट होईल, तेवढाच खारटपणा अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडणाऱ्या हिमात असतो. जिभेला तो कळायचा नाही. आकड्यांत सांगायचं तर त्या हिमात सोडियम असतं अब्जात वीसेक भाग, म्हणजे वितळलेल्या एका लिटरमध्ये साधारण २० मायक्रोग्रॅम. बाटलीबंद पाण्याच्या लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहितात. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा.

इतकं शुद्ध पाणी निसर्गात क्वचितच सापडतं. मग ज्यात जवळपास काहीच नाही त्याच्या रसायनशास्त्राबद्दल लिहिण्यासारखं काय आहे? तर या ‘काहीच नाही’मुळेच ते हिम इतकं बोलकं झालं आहे. मुंबईच्या पावसात शिशाचे चार अणू जास्त आले तर त्यांची दखल कोण घेणार? धूळ, धूर, समुद्राचे तुषार यांच्या गर्दीत ते हरवून जातात. ध्रुवावर ही गर्दीच नाही. त्यामुळे हजारो किलोमीटरवर फुटलेला ज्वालामुखी असो की एखाद्या कारखान्याचं धुराडं, त्याची खूण तिथे मोजता येते. अर्थात, हिमात पडलेलं सगळंच तिथे जसंच्या तसं राहत नाही. ‘बर्फात पृथ्वीचा इतिहास गोठलेला आहे’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो, की ते अर्धंच खरं आहे हे लक्षात येत नाही. काही पदार्थ टिकतात, काही उडून जातात, काही उन्हाने मोडतात. कोणता पदार्थ कसा वागतो हे ठाऊक नसेल तर प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

आधी हे पदार्थ हिमात येतात कसे ते पाहू. पाणी गोठतं तेव्हा त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, आणि या जाळीत परक्या आयनांना (विद्युतभार असलेल्या अणूंना किंवा रेणूंना) जवळपास जागा नसते. म्हणून अशुद्धी मुख्यतः स्फटिकांच्या पृष्ठभागावर आणि पुढे बर्फाचे कण एकमेकांना चिकटले की त्यांच्या सांध्यांत राहते. ती येते तीन वाटांनी. ढगात हिमकण तयार होताना त्याच्या पोटात धुळीचा किंवा क्षाराचा बारीक कण असतो, ही पहिली. खाली पडता पडता तो हवेतले कण आणि वायू गोळा करत येतो, ही दुसरी. तिसरी वाट कोरडी आहे: हिम पडत नसतानाही हवेतले कण आणि आम्लाचे रेणू पृष्ठभागावर बसत राहतात. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर वर्षाला दोनतीन सेंटिमीटर पाण्याइतकंच हिम पडतं, म्हणजे तो भाग खरं तर वाळवंट आहे. साहजिकच तिथे ही तिसरी वाट फार महत्त्वाची ठरते.

या सगळ्याचं मिश्रण किंचित आम्लधर्मी असतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे शुद्ध पाण्याचा पीएच तसाही ५.६ च्या आसपास येतो. ध्रुवीय हिमात त्यावर थोडं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल असतं, आणि त्यांना मारणारी चुनखडीची धूळ जवळपास नसते. जिथे वाळवंटी धूळ पोचते तिथल्या हिमाचा स्वभाव यापेक्षा वेगळा असतो.

मिठाचं कोडं

सोडियम आणि क्लोराइड समुद्रातून येतात हे उघड आहे. लाटा फुटतात, तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर आत जातात. किनाऱ्यापासून जसजसं आत आणि उंच जावं तसतसं मीठ झपाट्याने कमी होतं. इथवर सगळं सरळ आहे.

आता एक अडचण. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठतो. बर्फाखाली गेलेलं त्याचं क्षेत्रफळ सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, खुद्द खंडापेक्षाही मोठं. म्हणजे फुटणाऱ्या लाटा आतल्या भागापासून शेकडो किलोमीटर लांब गेलेल्या असतात. तेव्हा हिवाळ्यात हिमातलं मीठ कमी व्हायला हवं. मोजलं तर उलटंच: आतल्या भागात मिठाचं प्रमाण हिवाळ्यातच जास्त भरतं.

हिवाळ्यात वारे जोराचे असतात हे एक कारण दिलं जायचं, पण तेवढ्याने हिशेब जुळत नव्हता. उत्तर सल्फेटने दिलं. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि सल्फेट यांचं गुणोत्तर ठरलेलं असतं. हिवाळ्यात किनाऱ्याजवळच्या मिठात मात्र सल्फेट कमी सापडलं. तुषारांचं मीठ असतं तर असं झालं नसतं. समुद्र गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं आणि नव्या बर्फावर अतिखारट द्रव साचतो. तापमान उणे ६ ते उणे ८ अंशांच्या खाली गेलं की या द्रवातून सोडियम सल्फेट वेगळं होऊन त्याचे खडे बनतात. हेच ते ग्लॉबर सॉल्ट. उरलेल्या द्रवात सल्फेट कमी पडतं. त्या खारट पृष्ठभागावर हिम पडतं, खारट होतं, वादळात उडतं, हवेत त्याचं पाणी उडून जातं आणि मिठाचा कण तेवढा उरतो. म्हणजे हिवाळ्यातलं बरंचसं मीठ खुल्या समुद्राकडून नव्हे, तर गोठलेल्या समुद्राच्या पाठीवरून येतं. एका आयनाच्या तुटवड्यावरून मिठाचा पत्ता लागला. ध्रुवीय रसायनशास्त्रातली ही मला सर्वांत आवडणारी तपासकथा आहे.

उन्हाळ्याची खूण वेगळी. बर्फ हटला, ऊन पडलं की दक्षिण महासागरात सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो. त्यांच्यापासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्राच्या ओळखीच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन दोन पदार्थ बनतात: सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनसल्फॉनिक आम्ल. सल्फेट इतर अनेक ठिकाणांहून येऊ शकतं, पण मिथेनसल्फॉनिक आम्लाला या सागरी वायूखेरीज दुसरा म्हणण्यासारखा उगम नाही. म्हणून हिमात ते दिसलं की समुद्रातल्या त्या सजीवांचा माग लागतो. हिमात खणलेल्या एकाच खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली मोजत गेलं की सोडियम आणि हे आम्ल आळीपाळीने चढताना दिसतात: हिवाळा, उन्हाळा, हिवाळा, उन्हाळा. पुरेसं हिम पडणाऱ्या ठिकाणी वर्षं मोजायची ती अशी.

किनाऱ्यावर एक उगम थोडा गमतीचा आहे. पेंग्विनांच्या वसाहतींजवळच्या हवेत आणि हिमात अमोनियम वाढलेलं असतं. कारण त्यांची विष्ठा, दुसरं काही नाही.

ज्वालामुखी मात्र ऋतू पाळत नाहीत. मोठ्या उद्रेकात सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या वातावरणाच्या थरात जातो, तिथे सल्फ्युरिक आम्लाचे थेंब बनतात आणि पुढची एकदोन वर्षं ते ध्रुवांवर उतरत राहतात. इंडोनेशियातल्या तंबोराचा १८१५ चा उद्रेक ग्रीनलँडमध्येही दिसतो आणि अंटार्क्टिकातही. त्याच्या थोडं आधी, १८०९ च्या सुमाराला, आणखी एक ठळक सल्फेटचा थर आहे आणि तोही दोन्ही ध्रुवांवर. दोन्हीकडे सापडला म्हणजे उद्रेक विषुववृत्ताच्या आसपासचा असणार. त्याचा ज्वालामुखी अजून नक्की ठरलेला नाही. १२५८ च्या आसपासच्या अशाच एका प्रचंड थराचं कोडं २०१३ मध्ये सुटलं: तो लोम्बोक बेटावरच्या समालासचा निघाला, उद्रेक १२५७ चा.

खुद्द पाण्याचीही साक्ष

अशुद्धी बाजूला ठेवली तरी पाण्याचे सगळे रेणू सारखे नसतात. ऑक्सिजनच्या दर पाचशे अणूंमागे साधारण एक अणू जड असतो, ऑक्सिजन-१८. जड अणू असलेला रेणू वाफ व्हायला थोडा आळशी आणि पाऊस किंवा हिम होऊन पडायला थोडा उतावळा. समुद्रावरून निघालेली वाफ ध्रुवाकडे जाताना थंड होत जाते, वाटेत जड रेणू आधी टाकत जाते. शेवटी दक्षिण ध्रुवाजवळ जे हिम पडतं त्यात ऑक्सिजन-१८ समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी असतो. जितकी जास्त थंडी, तितकी जास्त घट.

विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने या कामाची सुरुवात १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनमधल्या आपल्या घराच्या अंगणात बिअरच्या बाटलीत नरसाळं ठेवून केली. पाऊस गोळा करायचा आणि त्याचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, मोजायचे, एवढाच तो प्रयोग. आज हजारो वर्षांपूर्वीचं तापमान सांगणारे जे आलेख आपण पाहतो, त्यांच्या मुळाशी ही बाटली आहे.

शिसं आधी पोचलं, माणूस नंतर

क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं दाखवलं. उल्कांमधलं शिसं मोजताना त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते प्रयोगशाळेतल्या शिशानेच. हवा, भांडी, कपडे, त्वचा, सगळीकडे ते होतं. ते इतकं सर्वत्र असणं नैसर्गिक आहे का, हा प्रश्न त्यांना सोडेना. उत्तर शोधायला ते ग्रीनलँडच्या हिमाकडे वळले. १९६९ मध्ये मुरोझुमी आणि चाऊ या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जे मांडलं ते धक्कादायक होतं: इसवी सन पूर्व ८०० च्या सुमाराच्या बर्फात किलोमागे एक नॅनोग्रॅमहूनही कमी शिसं, आणि १९६५ च्या हिमात २०० नॅनोग्रॅमच्या वर. शेवटची चढण सर्वांत तीव्र होती, ती पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायला लागल्यानंतरची.

पुढे ग्रीनलँडच्या बर्फातच रोमन काळातल्या खाणी आणि भट्ट्यांचं शिसंही सापडलं. म्हणजे प्रदूषण ही कारखान्यांच्या युगाची देणगी, हेही पूर्ण खरं नाही. आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ग्रीनलँडच्या हिमातलं शिसं वीस वर्षांत साडेसात पटींनी घटलेलं दिसलं. पेट्रोलमधून शिसं काढायला लागल्याचा परिणाम थेट हिमात दिसला. पर्यावरणाच्या बाबतीत निर्णय आणि परिणाम यांचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

अंटार्क्टिकाची गोष्ट तर याहून चटका लावणारी आहे. २०१४ मध्ये खंडभरच्या अनेक बर्फ-गाभ्यांचं, म्हणजे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलांचं, विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात औद्योगिक शिसं पहिल्यांदा दिसतं ते १८८९ च्या थरात. शिशाच्या समस्थानिकांचं गुणोत्तर खाणीगणिक वेगळं असतं आणि या शिशाचं गुणोत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियाजवळच्या ब्रोकन हिलच्या खनिजाशी जुळलं. दक्षिण ध्रुवावर पोचणारा पहिला माणूस आमुंडसेन, तो तिथे पोचला १४ डिसेंबर १९११ ला. म्हणजे अंटार्क्टिकावर आपलं शिसं त्याच्या बावीस वर्षं आधीच जाऊन बसलं होतं.

असल्या मोजणीत हात किती स्वच्छ लागतो, ते नमुना कसा घेतात यावरून कळेल. संशोधन तळाच्या डिझेल जनरेटरपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खड्डा खणतात. थंडीच्या जाड कपड्यांवर पांढरा स्वच्छ सूट, तोंडावर मास्क, हातात दोन थरांचे मोजे, बाहेरचा पॉलिथिनचा. फावड्याने खणलेली भिंत घाणच समजायची. आधीच धुऊन आणलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने तिचा थर खरवडून टाकायचा. मग नमुने घ्यायचे ते खालून वर. वरून सुरुवात केली तर सांडलेला भुगा खालच्या, अजून न घेतलेल्या थरांवर पडेल. बाटल्या आदल्या कित्येक आठवड्यांत अतिशुद्ध पाण्याने, धातू मोजायचे असतील तर आम्लाने, पुनःपुन्हा धुतलेल्या असतात. आणि दर खड्ड्याबरोबर एक बाटली अशी, की ती नुसती उघडायची आणि बंद करायची. तिच्यात जे सापडेल ते हिमाचं नव्हे, आपलं. तेवढं प्रत्येक आकड्यातून वजा करायचं.

आपल्याकडे हे काम गोव्यात चालतं. वास्कोजवळ हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकावरच्या तळांच्या परिसरातून आणलेलं हिम आणि बर्फाचे गाभे तिथल्या शीतकक्षात ठेवतात. बाहेर कोकणची दमट हवा आणि आत उणे २० अंश. भारतीय संशोधकांनी किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या वाटांवर ठरावीक अंतरांवर पृष्ठभागाचं हिम गोळा केलं आहे. मीठ कुठे आणि किती वेगाने घटतं हे नुसत्या अंतरावर नव्हे, तर चढणीच्या आकारावरही ठरतं, हे अशा कामातून दिसतं.

ऊन हिमातून काय काढून घेतं

आता त्या उरलेल्या अर्ध्या सत्याकडे येऊ. नायट्रेट हा ध्रुवीय हिमातला एक मुख्य आयन. विजा, मातीतले जिवाणू, स्थितांबर आणि माणसांची इंजिनं अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून तो येतो. पूर्व अंटार्क्टिकातल्या डोम सी या पठारावर पृष्ठभागाच्या वरच्या पापुद्र्यात नायट्रेट अब्जात काही शे भाग असतं. हातभर खाली गेलं की ते काही दहांवर येतं. आधी वाटलं असतं की अलीकडे प्रदूषण वाढलंय, म्हणून वर जास्त. तसं नाही. दरवर्षी असंच होतं: वर जमतं आणि खाली जाईपर्यंत बहुतेक नाहीसं होतं.

त्याला पळवतं ऊन. नायट्रेट सुमारे ३०० नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषतं आणि तुटतं. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू निघतात आणि हिमाच्या पोकळ्यांतून वर हवेत जातात. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी ग्रीनलँडच्या माथ्यावर, आणि त्याच सुमाराला दक्षिण ध्रुवावरच्या उन्हाळ्यातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडला. आसपास ना गाडी, ना कारखाना. वायू सोडत होतं ते पायाखालचं हिम. त्या वायूंमुळे जमिनीलगत ओझोनही तयार होतो. म्हणजे जे हिम आपण निपचित समजत होतो ते चोवीस तासांच्या उन्हात सतत चालणारी रासायनिक भट्टी निघालं. उंचावरचा ओझोनचा थर विरळ झाला की जास्त अतिनील किरण खाली येतात आणि ही भट्टी आणखी पेटते.

मजा अशी की नायट्रेट जातानाही खूण सोडतं. हलका नायट्रोजन असलेले रेणू आधी तुटतात, म्हणून मागे उरलेल्यात जड नायट्रोजनचं प्रमाण खूप वाढतं. किती वाढलं यावरून किती हरवलं याचा अंदाज येतो. आकड्यापेक्षा आकड्याची झीज जास्त सांगते, असा हा प्रकार.

आर्क्टिकमध्ये असंच काहीसं पाऱ्याचं होतं, पण उलट्या दिशेने. कॅनडाच्या अलर्ट या ठिकाणी लांबलचक ध्रुवीय रात्रीनंतर सूर्य उगवला की समुद्रबर्फावरच्या खारट थरांतून ब्रोमीन मोकळं होतं. ते जमिनीलगतचा ओझोन खाऊन टाकतं आणि हवेतल्या पाऱ्याला अशा रूपात आणतं की तो पटकन हिमावर बसतो. १९९५ च्या वसंतात हवेतला पारा असा अचानक नाहीसा होताना तिथे नोंदला गेला. त्यातला बराच पारा पुन्हा उन्हानेच हवेत परततो. काही मात्र वितळणाऱ्या पाण्याबरोबर समुद्रात जातो, आणि पारा मासे आणि सील यांच्या शरीरात साचत जाणारा असल्यामुळे ते खाणाऱ्या माणसांना त्याची काळजी करावी लागते.

अलीकडच्या काळातल्या दोन शोधांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अंटार्क्टिकावरच्या जर्मनीच्या कोहनेन तळाजवळचं सुमारे ५०० किलो हिम म्युनिकला नेऊन वितळवलं आणि गाळलं. त्यात लोह-६० चे मूठभर अणू सापडले. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. या समस्थानिकाचं अर्धायुष्य (निम्मे अणू मोडायला लागणारा काळ) सुमारे २६ लाख वर्षं, म्हणजे पृथ्वीच्या जन्मापासूनचं असतं तर केव्हाच संपलं असतं. हे लोह ताऱ्यांच्या स्फोटातलं, आपल्या सौरमालेच्या वाटेत येणाऱ्या आंतरतारकीय धुळीबरोबर आलेलं. दुसरा शोध २०२२ चा. रॉस बेटाच्या परिसरातल्या ताज्या हिमात, वितळलेल्या दर लिटरमागे सरासरी २९ सूक्ष्म प्लास्टिकचे तुकडे मिळाले. त्यात सर्वांत जास्त पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिस्टर कपड्यांचं प्लास्टिक.

या सगळ्याचा व्यवहारातला परिणाम असा, की कोणतं हिम कशासाठी वापरायचं हे आधी ठरवावं लागतं. लाखो वर्षं मागे जायचं तर डोम सी सारखी जागा हवी, जिथे हिम कमी पडतं आणि थर पातळ असतात. पण तिथे नायट्रेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टिकत नाही आणि वर्षावर्षाचे थर वेगळे करता येत नाहीत. एकेक ऋतू वाचायचा असेल तर किनाऱ्याजवळची, भरपूर हिमवर्षावाची जागा लागते. तिथे ऊन पोचण्याआधीच नवं हिम जुन्याला झाकून टाकतं, पण इतिहास काही शतकांत किंवा हजार-दोन हजार वर्षांतच संपतो. शिसं, सोडियम, सल्फेट दोन्हीकडे बऱ्यापैकी भरवशाचे. त्यामुळे एखाद्या बातमीत ‘अंटार्क्टिकाच्या बर्फात अमुक पदार्थ इतका वाढला’ असं वाचलंत, तर पदार्थ कोणता याच्या बरोबरीने नमुना कुठला आणि किती खोलीवरचा, हेही बघा. नायट्रेटचा आकडा असेल आणि नमुना पठाराच्या वरच्या पापुद्र्याचा असेल, तर ती वाढ बहुधा पुढच्या उन्हाळ्यात हवेत गेलेली असेल.